प्रोसेस मॅपिंग: स्क्रीनऐवजी टेबलावर तुकडे मांडून कोणी केलंय का?

प्रश्न:
मंडळी, आमच्याकडे खरेदीचं काम (मागणी, मंजुरी, ऑर्डर, माल, बिल) प्रत्यक्षात कसं चालतं त्याचा नकाशा करायचाय. आत्ता काय होतं, एक जण लॅपटॉपवर बीपीएमएनची (कामाच्या पायऱ्या ठरावीक चिन्हांनी दाखवायची पद्धत) आकृती काढतो, बाकीचे प्रोजेक्टरकडे बघून "हो बरोबर" म्हणतात आणि नंतर कळतं की स्टोअरवाले वेगळंच करतात. हाताने तुकडे मांडून मॉडेल करतात असं ऐकलंय. खरंच फरक पडतो का, आणि त्याला कॅमेरा-बिमेरा लागतो का?

उत्तर १:
पडतो ना. माउस एकाच्याच हातात असतो, तुकड्याला कोणीही हात घालू शकतं. पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर इन्स्टिट्यूटमध्ये टी.बीपीएम म्हणून हेच केलं होतं, बीपीएमएनचे आकार जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमध्ये कापलेले, त्यावर पुसता येणाऱ्या मार्करने लिहायचं, बाण थेट टेबलावर काढायचे. त्यांच्या प्रयोगात नुसती मुलाखत देऊन काम सांगणाऱ्यांपेक्षा तुकडे मांडणाऱ्यांनी आपलं मॉडेल जास्त वेळा तपासलं, दुरुस्त्याही जास्त केल्या. वेळ मात्र जास्त जातो. कॅमेरा लागत नाही, शेवटी फोटो काढा.

उत्तर २:
कॅमेऱ्याचं थोडं वेगळं आहे. ऑस्ट्रियात लिंझला स्टेफान ओप्ल यांच्या टीमने टेबल बनवलं, खालून कॅमेरा ठोकळ्यांची जागा ओळखतो, प्रोजेक्टर नावं आणि जोडण्या दाखवतो. ठोकळे उघडतात, आत छोट्या वस्तू ठेवून जादा माहिती जोडता येते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मांडणीचा इतिहास साठतो, त्यामुळे मोडून बघायची भीती राहत नाही, जुन्या स्थितीला परत जायचं तर कुठला ठोकळा कुठे ठेवायचा ते टेबलच सांगतं. नुसत्या फोटोत हे मिळणार नाही. ठोकळे ओळखायला रिअ‍ॅक्टिव्हिजन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते मुळात रिअ‍ॅक्टेबल या वाद्यासाठी लिहिलेलं.

उत्तर ३:
तंत्रज्ञान नंतर बघा हो, आधी मांडायचं कसं ते ठरवा. सुरुवातीला प्रत्येकाने फक्त स्वतःचं काम मांडायचं, आणि कोणाकडून काय येतं, कोणाला काय देतो याचे वेगळे तुकडे ठेवायचे. मग सगळे एकत्र सरकवा. खरेदीवाल्याने "माल आल्याची पावती" कडेला ठेवलेली असते आणि स्टोअरच्या बाजूला त्याच्यासमोर काहीच नसतं, तिथे खरी चर्चा सुरू होते, कारण ती रिकामी जागा सगळ्यांना दिसते. साहेब हजर असले तर त्यांचे तुकडे सगळ्यात शेवटी ठेवायला सांगा, नाहीतर बाकीचे त्यांचंच बघून मांडतात.

प्रश्नकर्ता:
हे एकदम पटलं. पण मंजुरी नाकारली, माल परत गेला असले अपवाद आले की टेबल पुरेल का?

उत्तर ३:
नाही पुरणार. पहिल्या फेरीत रोजची सरळ वाट मांडा, अपवाद जिथे फुटतो तिथे फक्त खुणेचा तुकडा ठेवा. आणि ज्या अपवादावर लोक तावातावाने बोलतात तो आधी वेगळ्या टेबलावर घ्या.