ट्रॉलीचा दांडा वेल्डिंगपाशीच तुटतोय, शक्यता कशी काढायची? (मदत हवी आहे)

फॅब_जळगाव: केळीच्या १४ ट्रॉल्या बनवून दिल्या. ३ दांडे वेल्डिंगपाशी तुटले. आता २० ची ऑर्डर आहे, किती तुटतील त्याचा आकडा गिऱ्हाइकाला द्यायचाय. सूत्र सांगा, सोमवारपर्यंत हवंय.

भुसावळकर: प्लेट किती जाड? तडा कुठून सुरू झाला?

रॉडवाला: ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड मारत असाल. ७०१८ घ्या, भट्टीत नीट वाळवून. माझा एकही जोड गेला नाही.

फॅब_जळगाव: ७०१८ च आहे. प्लेट १० मिमी. सूत्र?

पाटील_सावदा: आमच्याकडचे खड्डे बघितलेत का भाऊ? रस्ता असा शे तर दांडा काय करेल!

रॉडवाला: मग रॉड ओले असतील.

धुळे_मेक: ओल्या रॉडचा हायड्रोजनचा तडा बहुतेक दोन-चार दिवसांत दिसतो. हे दांडे किती चालले?

फॅब_जळगाव: चार-पाच महिने.

धुळे_मेक: मग हा फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन धातू थकणं. ३ भागिले १४ करू नका. न तुटलेल्या ११ ट्रॉल्यांच्या खेपाही वायबुलमध्ये (किती वापरानंतर किती नग तुटतील याचं सांख्यिकी सूत्र) धराव्या लागतात, नाहीतर आकडा खोटा येईल. दुसरी वाट स्ट्रेस रेंजची, म्हणजे जोडावरचा ताण दर फेऱ्यात किती वर-खाली होतो त्याची. जोड फॅट ६३ वर्गात (वेल्डच्या फटीग-ताकदीचा वर्ग) बसत असेल आणि रेंज १०० मेगापास्कल असेल, तर आयुष्य ताणाचे ५ लाख फेरे, तेही १०० तले सुमारे ५ जोड त्याआधी जातील असं धरून. रेंज निम्मी केली तर ४० लाख.

शेतकरी_रावेर: जुनी ट्रॉली घेताना टायर आधी बघा, आमचं दोनदा नुकसान झालंय.

रॉडवाला: त्यापेक्षा भारी ग्रेडचं पोलाद घ्या, विषय संपला.

धुळे_मेक: नाही. वेल्डच्या कडेला फटीगमध्ये ग्रेडचा फायदा जवळपास मिळत नाही. कडा ग्राइंडरने नीट घासली तर मिळतो.

भुसावळकर: तडा कुठून, हे अजून सांगितलं नाही. आणि त्या ११ ट्रॉल्या आत्ता रस्त्यावर आहेत, वर मजूर बसतात. आधी त्यांवर डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारून घ्या, आकडा नंतर.

फॅब_जळगाव: तिन्ही तडे आधारपट्टीच्या टोकापासून. एका दांड्यावर आधी बारीक तडा होता, त्यावर वरूनच वेल्डिंग मारलं होतं.

धुळे_मेक: तो दांडा हिशेबात वेगळा धरा. आधारपट्टीचं टोक दांड्याच्या मधोमध संपतंय का? खेपांची वही कुठाय?

फॅब_जळगाव: हो, मधोमधच. वही गिऱ्हाइकाकडे. डायचे डबे घेऊन उद्या सकाळी सावद्याला निघतो.