एसक्यूलाइटची फाइल वारंवार बिघडते: उपाय सुचवा
धागाकर्ता: नमस्कार. दूध संकलन केंद्रासाठी लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे; त्याच्या नोंदी एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये जातात. त्याचा एक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे काम) काट्याचे वजन आणि फॅटचा आकडा नोंदवतो, दुसरा पावती छापतो, तिसरा दर 15 मिनिटांनी डेटाबेसची फाइल वाचून पेन ड्राइव्हवर उतरवतो. आकडे पुढे पाठवणारा एक वेगळा प्रोग्रॅमही याच फाइलमध्ये ‘पाठवले’ अशी खूण करतो. प्रत्येक थ्रेडचे कनेक्शन स्वतंत्र असूनही महिन्यात दोनदा ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ (डेटाबेसची फाइल बिघडली आहे) असा संदेश आला. शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आहे, त्यामुळे फार काळजी वाटते. पोस्टग्रेस या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे वळावे का?

प्रतिसाद 1: एसक्यूलाइटची लायब्ररी थ्रेडसेफचा पर्याय 0 ठेवून (म्हणजे अनेक थ्रेडसाठीचे संरक्षण बंद करून) कंपाइल झालेली नाही ना, एवढे आधी तपासावे.

धागाकर्ता: तपासले, 1 आहे. जर्नलचा (बदलाआधीची जुनी पाने, म्हणजे फाइलचे तुकडे, जपणाऱ्या सोबतच्या फाइलचा) मोडही मूळचाच आहे.

प्रतिसाद 2: मग माझा संशय तिसऱ्या थ्रेडवर आहे. एकाच वेळी दोघांनी फाइलमध्ये लिहू नये म्हणून लिनक्सवर एसक्यूलाइट जी कुलपे वापरते, ती थ्रेडची नसून संपूर्ण प्रोसेसची (चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रॅमची) असतात, आणि त्याच प्रोसेसने ती फाइल दुसरीकडे नुसती वाचायला उघडून बंद केली, तरी त्या फाइलवरची तिची सगळी कुलपे गळून पडतात. नोंद अर्धवट लिहिली जात असताना असे झाले, तर दुसऱ्या प्रोग्रॅमला जर्नल दिसते पण कुलूप दिसत नाही. आधीचा व्यवहार मध्येच बंद पडला असे समजून तो जुनी पाने परत लिहितो, आणि आपला थ्रेड त्याच वेळी नवी पाने लिहीत असतो. पोस्टग्रेसची गरज मला वाटत नाही. प्रत घेण्यासाठी फाइल थेट न वाचता एसक्यूलाइटचेच बॅकअप एपीआय किंवा, आवृत्ती 3.27 वा त्यानंतरची असल्यास, ‘व्हॅक्यूम इनटू’ हा आदेश वापरावा.

धागाकर्ता: मनापासून आभार. बिघडलेल्या फाइलचे काय करावे?

प्रतिसाद 2: दोन्ही प्रोग्रॅम थांबवून फाइल आणि तिचे जर्नल एकत्र बाजूला ठेवावे; जर्नल कृपया पुसू नये. पुढचे प्रयोग प्रतीवरच करावेत. एसक्यूलाइटच्या ‘इंटिग्रिटी चेक’ या तपासणीत केवळ इंडेक्समधून (शोधासाठीच्या सूचीतून) ओळी गहाळ असल्याचे दिसले, तर ती सूची नव्याने बांधणारा ‘रीइंडेक्स’ आदेश बहुधा पुरतो. अन्यथा आवृत्ती 3.29 पासून एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर असलेल्या ‘रिकव्हर’ आदेशाने नवी फाइल तयार करावी. ज्या ओळींचे मूळ टेबल कळत नाही, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या टेबलात जातात, तर काही वेळा पूर्वी पुसलेल्या ओळीही परत येतात. त्यामुळे पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताळा घेतल्याशिवाय त्या फाइलवरून देयके काढू नयेत.