प्रतिसाद: पाणी ठेवाच, पण अळ्याही राहू द्या

उन्हाळ्यात पाण्याचं भांडं आणि मूठभर तांदूळ ठेवले की पक्ष्यांचं भागतं, असं वर लिहिलंय. पाण्याचं अगदी पटलं. पसरट मातीचं भांडं, दोन बोटं पाणी, आणि ते रोज बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. तांदळाचं मात्र अर्धंच खरं. दयाळ, शिंपी, नाचण हे पक्षी दाण्याकडे बघतही नाहीत, त्यांना किडे लागतात. अहो, दाणे टिपणारी चिमणीसुद्धा लहान पिल्लांना अळ्याच भरवते! आणि पिल्लांचे दिवस नेमके हेच.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. परसात लिंबू आणि वांग्याची चार झाडं आहेत. पूर्वी पानावर अळी दिसली की मी लगेच औषध मारायचो. दोन वर्षांपूर्वी फवारणी थांबवली आणि त्याच उन्हाळ्यात शिंप्याने वांग्याची दोन पानं शिवून घरटं केलं. चोचीत हिरवी अळी, शेपटी ताठ उभी; आधी कुंपणाच्या तारेवर बसून इकडेतिकडे बघणार, मगच पानाआड शिरणार. वांगी थोडी किडकी निघाली, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. दाणे जरूर ठेवा, पण निदान पावसाळा लागेपर्यंत तरी औषधाचा पंप बाहेर काढू नका.