बडोदे संस्थानाबद्दल दहावीच्या मुलांना काय सांगावं?

सुरसागरकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. ११ मार्चला सयाजीराव महाराजांच्या जन्मदिनी आमच्या मराठी मंडळात बडोदे संस्थानावर अर्धा तास बोलायचं काम माझ्याकडे आलंय. समोर नववी-दहावीची मुलं असतील, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलणारी. लक्ष्मीविलास, रविवर्म्याची चित्रं, कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, १८७५ मध्ये दत्तक कसा आला, हे सगळं ती लहानपणापासून ऐकत आलीत. परवा त्यांच्यातल्याच एकीने विचारलं, "महाराजांनी एवढ्या शाळा काढल्या, मग बाबासाहेबांना आपल्या गावात राहायला घर का मिळालं नाही?" भाषण या प्रश्नाला धरूनच करावं असं वाटतंय. पण मंडळातल्या काही ज्येष्ठांचं म्हणणं, जन्मदिनाला हा विषय नको. काय करावं?

---

मांडवीच्या आजी:

हाच विषय घे गं. ज्येष्ठांना माझं नाव सांग, मीही ज्येष्ठच आहे.

माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे महाराजांवर माझी माया आहे आणि ती मी लपवणार नाही. राजवाड्यामुळे नाही, अमरेलीमुळे. १८९३ मध्ये अमरेली आणि आसपासच्या मोजक्या गावांत त्यांनी सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. आपलं संस्थान काही सलग नव्हतं. कडी-मेहसाणा एकीकडे, नवसारी दुसरीकडे, अमरेली काठियावाडात, ओखामंडळ पार द्वारकेला, आणि मधे परक्यांचा मुलूख. अशा तुकड्या-तुकड्यांच्या राज्यात गावोगाव हजेरीपट ठेवायचे म्हणजे काय काम असेल, ते मुलांना नकाशा काढून दाखव. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असाच कायदा मागितला, तेव्हा बडोद्याचंच उदाहरण पुढे ठेवलं. तो मंजूर झाला नाही.

मग ग्रंथालयं. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल महाराजांनी बोलावून घेतला. त्याने मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलंच, शिवाय फिरती ग्रंथालयं सुरू केली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावात पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. गावात कायमचं वाचनालय हवं असेल तर खर्चाचा तिसरा हिस्सा गावकऱ्यांनी उभा करायचा, बाकीचे दोन हिस्से प्रांत पंचायत आणि सरकार देणार. मला ही रीत फार आवडते. ज्या वाचनालयाला आपण पैसे घातले त्याला कुलूप लागू द्यायला माणूस सहजी तयार होत नाही. मुलांना मांडवीच्या ग्रंथालयात घेऊन जा. तिथले पुस्तकांचे लोखंडी घोडे, म्हणजे मांडण्या, आणि मजल्यांची काचेची जमीन त्यांनी पाहायलाच हवी.

आता त्या मुलीचा प्रश्न. अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या, शाळा महाराजांनी अगदी सुरुवातीच्या वर्षांत काढल्या, पण त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे आर्यसमाजी आले. १९०८ मध्ये पंजाबातून पंडित आत्माराम आले आणि त्यांनी हे काम खांद्यावर घेतलं. सोनगढला जंगलातल्या धाणका आदिवासी मुलांसाठी १८८५ मध्ये वसतिगृह निघालं. म्हणजे हुकूम निघत होते, खजिन्यातून पैसा येत होता, इमारती उभ्या राहत होत्या. अडत होतं ते शिकवणाऱ्यापाशी, शेजाऱ्यापाशी, घरमालकापाशी. बाबासाहेबांना घर का मिळालं नाही याचं उत्तर त्या शाळांच्या मास्तरांत आहे. ते आधी सांग, मग १९१७ मध्ये बाबासाहेब इथे आले त्यावर ये.

---

फतेगंजकर:

आजींचं पटलं, पण एका जागी मी थांबेन. "लोक तयार नव्हते" एवढ्यावर संस्थानाला सोडून देऊ नका.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९१३ मध्ये महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले, करार दहा वर्षं नोकरीचा. १९१७ मध्ये बडोद्याला हजर झाले आणि राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता, तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी त्यांना बाहेर काढायला दारात आले. एका हिंदू मित्राने सांगितलं, तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून राहिले.

तो अर्ज ज्या टेबलांवरून फिरला ती टेबलं सरकारची होती, धर्मशाळेची नव्हती. ज्या राज्याने हा माणूस अमेरिकेला पाठवला, त्याच राज्याच्या कचेरीला त्याला चार भिंती देता आल्या नाहीत. माझे वडील दर २३ सप्टेंबरला आम्हाला सयाजी बागेतल्या संकल्पभूमीवर, बाबासाहेबांच्या त्या दिवसाच्या स्मृतिस्थळी, नेत. तिथे सगळी गर्दी आमच्याच वस्त्यांतली असे, दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीतलं कोणी भेटल्याचं मला आठवत नाही. तुमची मुलं तिथे आली तर मला खरंच आनंद होईल.

---

मांडवीच्या आजी:

फतेगंजकर भाऊ, टेबलांचं तुमचं म्हणणं मान्य. भाषणात ते याच शब्दांत यावं.

---

वाडीतली सून:

मुलींसाठी थोडं सांगू का? विधवाविवाहाचा कायदा १९०२, बालविवाह प्रतिबंधाचा १९०४, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बालविवाहविरोधी सारडा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी. मुलीला बारा आणि मुलाला सोळा ही वयं आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यावरूनही केवढा विरोध झाला! कितीतरी घरांनी दंड हा लग्नखर्चातच धरला आणि मुलींना बोहल्यावर चढवलंच. हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाट १९३१ मध्ये बडोद्याने उघडली, देशाला त्यासाठी १९५५ पर्यंत थांबावं लागलं. महाराजांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई महाराणींनी पडदा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. तुमच्या मंडळातल्या किती मुलींना हे ठाऊक आहे, विचारून बघा.

---

सुरसागरकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम ठरवलाय: नकाशा, अमरेली, अंत्यज शाळांचे मास्तर, मग अर्जाची फिरती टेबलं आणि कमाटी बाग. कायदे मुलींकडूनच वाचून घेईन. एक शंका राहते. मुलं विचारतील, राजा मराठी, मग शाळा गुजराती का?

---

मांडवीच्या आजी:

कारण रयत गुजराती होती. महाराजांनी कारभारही गुजरातीत आणला. कचेरीतल्या शब्दांसाठी १९३१ मध्ये आठ भाषांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' छापून घेतला, त्यात मराठीही आहे. मराठी साहित्य संमेलनंही इथे भरली, १९०९ मध्ये, १९२१ मध्ये, पुन्हा १९३४ मध्ये. आपल्या मुलांनी गुजराती बोलायची लाज धरू नये आणि मराठी वाचायचा कंटाळा करू नये, एवढं माझ्या वतीने सांग.

आणि फतेगंजकर भाऊंना भाषणाला बोलाव. कमाटी बागेचा भाग त्यांनीच सांगावा. ज्येष्ठांशी मी बोलते.