अनुभव धागा : लेकराला घेऊन कोकणात निघताना घरी काय काय शिवलंत?

गणपतीला गावी जायची तिकिटं निघाली की बाळाच्या घरात दुसरी यादी सुरू होते. दुपटी किती घ्यायची, ओले लंगोट कुठे कोंबायचे, घाटात ओकलं तर काय, रात्री गाडीत कानाला वारा लागला तर काय. बाजारात तयार संच मिळतात आणि दिसतातही छान, पण आत जाड स्पंज आणि बाहेर चकचकीत धातूची चेन. आपल्याकडे श्रावणात स्पंज वाळत नाही, आणि खाऱ्या हवेत ती चेन पुढच्या वर्षी उघडेल याची खात्री नाही.

म्हणून विचारते. एसटी, रेल्वे, लाँच, फेरीबोट, रिक्षा, स्कूटर, कशानेही फिरताना घरी शिवलेली कुठली वस्तू खरोखर कामाला आली? कापड, माप, शिवण, सगळं लिहा. मशीन नसलेल्यांनी, हातशिलाईवाल्यांनी तर नक्कीच लिहा. सुरुवात माझ्यापासून: नवं मांजरपाट किंवा फ्लॅनेल आणलं की रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि अस्तर एका कापडाचं व वरचा भाग दुसऱ्याचा असेल तर दोन्ही वेगवेगळं आटून सगळी वस्तू आकसते.

चिपळूण

आमच्या गावात छत्र्यांना तोटा नाही, मोडक्या छत्र्यांना तर नाहीच. वाऱ्याने काड्या उलट्या झालेली छत्री टाकून कोणी देत नाही, ती माळ्यावर जाते. मी त्यातलीच एक काढून ओल्या कपड्यांची पिशवी शिवली.

आठ काड्यांची छत्री म्हणजे आठ तिकोनी कळ्या. काड्यांना बांधलेले टाके ब्लेडने सोडवायचे, कळ्या सुट्या करायच्या आणि चार कळ्या उलटसुलट जोडायच्या, एकीचं टोक वर तर शेजारचीचं खाली. दोन्ही कडा सरळ कापल्या की बऱ्यापैकी चौकोनी पट्टा हातात येतो. तो दुमडून बाजू शिवल्या की पिशवी. उरलेल्या चार कळ्यांची दुसरी, कोरड्या कपड्यांसाठी.

यात खरी मेख शिवणीची. कापड पाणी अडवतं, पण सुईच्या भोकांतून पाझरतं. म्हणून प्रत्येक शिवण दुहेरी घालायची: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून अगदी काठाला बारीक शिवण, जादा कापड छाटायचं, मग उलटवून आतून दुसरी शिवण, म्हणजे कापलेली कड आत बंद होते. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. सुई बारीक, ११ नंबरची. छत्री काळी असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघा.

लंगोट पिळूनच आत टाकायचा. आणि घरी पोचल्यावर पिशवी लगेच उलटी करून दांडीवर. विसरलात तर दुसऱ्या दिवशी वास तुम्हाला शोधत येईल.

अलिबाग

चेन आणि टिचबटणांबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं. मांडव्याहून बोटीने मुंबईला माझं नेहमीचं जाणं. लेकीच्या झबल्यांना पत्र्याची टिचबटणं होती, त्यांच्याभोवती तांबूस गोल डाग पडले, ते अजून आहेत. आता प्लॅस्टिकची टिचबटणं, नाहीतर साधी नाडी, पण नाडी कमरेलाच. गळ्याजवळ नाडी ठेवत नाही.

लावलेलं बटण ओढून बघायची सवय ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं वापरतात, ३.१७ सेंमी रुंदीचं. त्यात जी सुटी वस्तू बसते ती पोराच्या घशात अडकू शकते असं धरतात. आपलं कुठलंही शर्टाचं बटण त्यात आरामात बसेल.

देवगड, आजी

मी फक्त लाळेरी शिवते. पण भरपूर शिवते, कारण आमच्याकडे मे महिन्यात येणारं पोर आंब्यानेच भरतं. सून मुंबईहून पांढरीशुभ्र, वर ससे छापलेली लाळेरी घेऊन आली. म्हटलं, "बोंडू खाऊक दी, मगे बघ." काजूच्या बोंडाचा रस कापडावर पडला की तो डाग कापडाबरोबरच जातो. फणसाचा चीक निदान खोबरेल तेलाने सुटतो.

तर कापड गर्द रंगाचं, जुन्या सुती साडीचं. पदराकडचा भाग कमी झिजलेला असतो, तो पुढे. मध्ये जुन्या धोतराचे दोन पदर, मागे फ्लॅनेल. खालची कड चार बोटं वर दुमडून दोन्ही बाजूंना शिवायची, की खिसा होतो आणि आंब्याचा ओघळ तिथे थांबतो. गळ्याची कड उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीने बांधा, सरळ पट्टी गळ्याला टोचते. बंद करायला मागे नाही, खांद्यावर. पोर मांडीवर झोपलं तरी न उठवता काढता येतं. गाडीत झोपलं की काढायचंच.

गुहागर

मी बाप. घरात पायमशीन आईचं, पण आता ते मीच चालवतो.

आम्ही गुहागरहून दापोलीला स्कूटरने जातो, धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालून दाभोळला उतरतो. मुलगा दोन वर्षांचा. शाळेच्या दप्तराचे जुने पट्टे घरात होते, त्यांचाच त्याला बांधायचा पट्टा शिवावा असं मनात होतं. मग नियम वाचला आणि पट्टे परत कपाटात गेले. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला, तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि गाडी ताशी ४० किमीच्या वर नको. पट्ट्याने ३० किलो वजन पेललं पाहिजे. आता माझी शिवण ३० किलोच्या झटक्याला टिकेल का, हे तपासायला माझ्याकडे काय आहे? म्हणून पट्टा विकतचाच.

शिवलं ते पट्ट्याचं आवरण. नायलॉन घामेजल्या मानेला घासतं, लाल वळ उठतात. फ्लॅनेलचे पंधरा सेंमीचे दोन आयत, लांब कडेला चिकटपट्टी (व्हेल्क्रो), खांद्यावरच्या पट्ट्याभोवती गुंडाळायचे. बक्कल उघडं राहिलं पाहिजे, ते झाकायचं नाही. रोज धुता येतात म्हणून चार शिवले. फेरीबोटीवर चढलो की पट्टा सोडतो, पोराला कडेवर घेतो आणि आम्ही दोघं कठड्यापासून लांब उभे राहतो.

धागाकर्ती

गुहागरला दुजोरा. गाडीतल्या मुलांच्या सीटचंही तसंच. सीटबरोबर आलेली गादी सोडून घरची गुबगुबीत गादी पट्ट्याखाली घालू नका. धक्का बसला की गादी दबते आणि पट्टा सैल पडतो. उन्हासाठी खिडकीचा पडदा शिवा, हवं तेवढं भरतकाम करा त्यावर.

सावर्डे, माहेर कराड

माझा विषय ओकारी. ज्यांच्या मुलांना गाडी लागत नाही त्यांनी पुढे जावं.

कुंभार्ली घाट मला लहानपणी लागायचा, आता मुलीला लागतो. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून बसलं तरी ऐन वेळी पिशवीचं तोंड मिटतं आणि सगळं मांडीवर. तोंड उघडं राहणं एवढाच प्रश्न असतो. त्यावर उपाय भरतकामाच्या रिंगचा. लाकडी रिंगचं फक्त आतलं कडं घ्यायचं, साधारण सात इंची. मांजरपाटाची खोलगट पिशवी शिवून तिचा काठ कड्यावरून दुमडून टाके घालायचे. आत साधी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्या कडा रिंगवरून बाहेर उलटवायच्या आणि एका रबराने अडकवायच्या. काम झालं की आतली पिशवी गाठ मारून बाजूला, दुसरी आत. बाहेरून सुती पिशवीच दिसते, त्यामुळे शेजारचा प्रवासी तोंड फिरवत नाही आणि पोरगीही लाजत नाही. रिंगच्या एका बाजूला कापडाचा बंद शिवलाय, तो मी माझ्या मनगटात अडकवते, तिच्या नाही. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तिच्या हाती लागणार नाहीत अशा वरच्या खिशात.

एका फेरीत कंडक्टरने विचारलं, "ताई, हे कुठं मिळतं?" मी पत्ता आमच्याच घराचा दिला.

जोडीला रात्री ओल्या करून, पिळून घडी घातलेल्या मलमलच्या पट्ट्या, छत्रीच्या कापडाच्या छोट्या पाकिटात. तोंड पुसायला विकतच्या ओल्या रुमालांपेक्षा बऱ्या, त्यांचा सुगंध घाटात आणखी मळमळवतो.

मुंबई, माहेर राजापूर

रात्रीच्या रेल्वेसाठी मी कुंची शिवली. आजीच्या कुंचीचा नमुना समोर ठेवला, खणाऐवजी बाहेरून सुती आणि आतून फ्लॅनेल घेतलं. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. खिडकी उघडी असली की त्या आवाजाने झोपलेली बाळं एकदम दचकतात. कानावर फ्लॅनेलचे दोन पदर आले की निदान वारा तरी लागत नाही. जुन्या कुंचीला हनुवटीखाली बंद आणि मागे गोंडे असायचे. मी ते दोन्ही वगळले, पुढे छातीवर चिकटपट्टी लावली. झोपताना टोक मागून दुमडते, नाहीतर तोंडावर येतं.

दुसरी वस्तू खिशांची पट्टी. जुन्या जीन्सच्या पायाचं कापड, त्यावर वेगवेगळ्या मापाचे पाच खिसे, वर दोन जाड बंद. बर्थजवळच्या हुकाला टांगायची. चमचा, टोपडं, टॉर्च, काजळाची डबी सगळं अंधारात हाताला लागतं. जीन्सला १६ नंबरची सुई लागते. बारीक सुई चार पदरांवर मोडते आणि तुकडा उडतो.

कुडाळ

आम्ही गाडीत साडीची झोळी बांधायचो, दोन्हीकडच्या बर्थच्या साखळ्यांना. अख्खी रात्र पोर हूं की चूं करत नसे.

रत्नागिरी, नर्स

कुडाळ, तुमचं ठीक पार पडलं, तरी मी कुणाला सांगणार नाही. गाडी हिसका देते, गाठ सरकते, वरचा माणूस रात्री उतरताना पाय कुठे ठेवेल सांगता येत नाही. शिवाय खोल झोळीत तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. अंगाला बांधायच्या झोळीलाही हेच लागू. बाळाचा चेहरा मान खाली न घालता दिसला पाहिजे आणि हनुवटीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. गाडीत बाळ भिंतीकडे, आई बाहेर, खाली घट्ट घातलेलं दुपटं. उशा, लोड काही नको.

मालवण

मी दुधाच्या बाटलीला जुन्या ब्लँकेटचं गुबगुबीत कव्हर शिवलंय, दूध मुंबईपर्यंत कोमट राहतं. माप हवं असेल तर देते.

रत्नागिरी, नर्स

परत मीच, माफ करा. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. पावडरचं दूध तयार केल्यापासून दोन तासांत संपवावं, उरलेलं ओतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावडर कालवायचं पाणीही किमान ७० अंश गरम हवं, मग ते थंड करून पाजायचं. कव्हर वाया घालवू नका, ते थर्मासच्या फ्लास्कला घाला. उकळतं पाणी त्यात, पावडर मोजून वेगळ्या कोरड्या डब्यांत, हवं तेव्हा ताजं करा. अंगावर पाजत असाल तर यातलं काहीच लागत नाही, एक मोठी ओढणी पुरते.

मालवण

बरं झालं सांगितलंत. फ्लास्क उंच आहे, कव्हरला खाली पट्टी जोडते.

वेंगुर्ला

माझं फार काही नाही. बाळाला बदलायची चटई: वर फ्लॅनेल, खाली मेणकापड, ६० बाय ४५ सेंमी, गुंडाळून नाडीने बांधायची. दोन्ही कापडं चारी बाजूंनी एकत्र शिवू नका, मध्ये ओल राहते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. वरच्या फक्त दोन कोपऱ्यांना टिचबटणं लावा, म्हणजे सुटं करून वाळवता येतं. मेणकापड मशीनच्या पायाला चिकटतं तेव्हा वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. टाका मोठा ठेवा, बारीक टाक्याने मेणकापड तिकिटासारखं फाटतं.

दापोली

सगळं वाचून शिवायला बसतेय. बाळ तीन महिन्यांचं, मशीन नाही, गणपतीला गुहागरला जायचंय. हाताने काय जमेल? आणि प्लॅस्टिकची चेन हव्या त्या लांबीची मिळते का?

चिपळूण

हाताने दुपटी होतील, वेंगुर्ल्याची चटईही होईल. दुपट्याला ९० सेंमीचा चौकोन घ्या, जुन्या साडीचे दोन थर, कड आत घालून धावदोरा. आतून आडवे-उभे चार-सहा दोरे टाका, म्हणजे धुताना थर गोळा होत नाहीत. जाड करू नका, पावसात दोन पातळ दुपटी वाळतात तोवर एक जाड ओलंच असतं.

चेन शिवणसामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, रनर वेगळे मागून घ्या. कापल्यावर दोन्ही टोकांना दातांवरून सात-आठ घट्ट टाके घाला, नाहीतर रनर पहिल्याच झटक्याला हातात येतो.