स्पोर्ट बाइकच्या कंपनीने क्रूझर काढावी का?

प्रश्न: ज्या डुकाटीचे नाव रेसिंगशी जोडलेले आहे, तिने डियावेल आणि एक्सडियावेलसारख्या लांब, बसक्या गाड्या काढल्याने तिची ओळख पुसट होते, असे आपल्याला वाटते का?

उत्तर १: मला तसे वाटत नाही. १९८६ च्या इंडियाना या क्रूझरमध्ये डुकाटीच्याच पँटा या स्पोर्ट बाइकच्या घराण्यातले इंजिन होते, पण बाकीचा साज उसना वाटत होता आणि ती फारशी खपली नाही. डियावेलने मात्र उसने रूप घेतले नाही. मागचा २४० मिमी रुंदीचा टायर पाहून गाडी वळणार नाही असे वाटते, आणि ती सहज वळते.

उत्तर २: डियावेलबाबत सहमत, पण २०१६ ची एक्सडियावेल वेगळी आहे. तिचे फूटपेग पुढे आहेत आणि चेनऐवजी बेल्ट आहे, त्यामुळे पाय पुढे टाकून बसल्यावर वळणात अंग झुकवण्याची सवय (आमच्यासारख्यांची खोडच म्हणा) निरुपयोगी ठरते. इंजिन तेवढे १२६२ सीसीचे डेस्मो, म्हणजे स्प्रिंगऐवजी कॅम आणि लिव्हरने व्हॉल्व्ह मिटवणारे, डुकाटीची खूण असलेले आहे.

प्रश्नकर्ता: म्हणजे ओळख इंजिनात असते?

उत्तर २: पूर्णपणे नाही, कारण डियावेल व्ही४ मध्ये डेस्मो नसून व्हॉल्व्हला साध्या स्प्रिंग आहेत, तरी ती परकी वाटत नाही.

उत्तर ३: कावासाकीने निंजा ६५० या स्पोर्ट बाइकचे ६४९ सीसी इंजिन जड फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे चाक) लावून व्हल्कन एस या क्रूझरमध्ये बसवले, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. डुकाटीकडूनच एवढ्या निष्ठेची अपेक्षा का, हे मला कळत नाही.