ॲस्टोरियाची सहल: बस आधी नदीने की आधी समुद्राने?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ॲस्टोरियाला जाणाऱ्या आपल्या सहलीचा मार्ग बसवाल्यांना गुरुवारपर्यंत कळवला नाही तर अनामत रक्कम बुडेल. समितीने ठरवल्याप्रमाणे सकाळी २६ क्रमांकाच्या रस्त्याने कॅनन बीच, तिथून १०१ ने सीसाइडवरून ॲस्टोरिया आणि संध्याकाळी ३० क्रमांकाच्या रस्त्याने नदीकाठाने परत, असा फेरा राहील. ‘आधी नदीकाठाने जावे’ म्हणून नानांनी केलेला विरोध बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवलेला आहे, त्यामुळे तो इथे पुन्हा मांडण्याची आवश्यकता नसावी.

प्रेषक: नाना, हिल्सबरो

विरोध नोंदवला म्हणजे तो ऐकला, असे होत नाही. माहितीपत्रक मी लिहिणार आणि मार्ग समिती ठरवणार, हे मला पटत नाही, कारण ॲस्टोरिया आणि कॅनन बीच ज्यात येतात ती क्लॅटसप काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने ती पाहिली पाहिजे, आणि तो क्रम कोलंबिया नदीचा आहे. १८११ मध्ये जॉन जेकब ॲस्टर या व्यापाऱ्याच्या कंपनीने केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी ठाणे बांधले ते नदीच्या मुखाशी. पुढे सामन मासे डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले तेही नदीच्या काठावर, लाकडी खुंट रोवून. त्यांत मासे साफ करणारे हात मुख्यतः चिनी कामगारांचे होते आणि जाळी टाकणाऱ्यांत फिनलंडहून आलेले पुष्कळ होते. नदीवर धरणे झाली, मासा आटला आणि १९८० मध्ये ॲस्टोरियातला ‘बम्बल बी’ या मासे डबाबंद करणाऱ्या कंपनीचा कारखानाही बंद पडला. ३० क्रमांकाच्या रस्त्याने निघालो तर काउंटीत शिरताच वॉनाची कागद गिरणी लागते आणि लाकडावर जगणारा प्रदेश म्हणजे काय, हे मुलांना न सांगता कळते. गेल्या सहलीत परतताना वॉना येईपर्यंत अर्धी बस घोरत होती, हे मी मागच्या बाकावरून पाहिले आहे.

प्रेषक: खजिनदार वहिनी

नाना, घोरणाऱ्यांत आपणही होतात, पण तो मुद्दा सोडून देते. समुद्राची ओहोटी आपल्या माहितीपत्रकासाठी थांबत नाही. त्या शनिवारी ओहोटी सकाळी सव्वानऊला आहे, आणि कॅनन बीचच्या हेस्टॅक रॉक या खडकाच्या पायथ्याची डबकी, त्यांतले तारामासे आणि बोट लावताच मिटणारी समुद्रफुले तेवढ्याच वेळात दिसतात. आधी ॲस्टोरियाला गेलो तर दुपारी मुलांना फक्त २३५ फुटांचा खडक आणि त्याभोवतीचे पाणी दिसेल. शिवाय सामन आणि लाकूड हा जर तिथला इतिहास असेल, तर किनाऱ्यावरची हॉटेले आणि भाड्याची घरे हे तिथले वर्तमान आहे. जेमतेम ४१,००० वस्तीच्या काउंटीत उन्हाळ्यात सीसाइडला गाडी लावायला जागा का मिळत नाही, याचेही उत्तर माहितीपत्रकात यावे.

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

मार्ग कोणताही ठरो, माझी हरकत पत्रकातील एका वाक्याला आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्ध अमेरिकेतील भारतीयांनी उभारलेली ‘गदर चळवळ सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली’ असे नानांनी लिहिले आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून नोव्हेंबर १९१३ मध्ये ‘गदर’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, हे खरे, परंतु संघटना उभी राहिली ती त्याच वर्षी आधी ॲस्टोरियात भरलेल्या सभेत. तिथल्या हॅमंड लाकूड गिरणीत पंजाबी कामगार मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या सभेला जागा दिली ती फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहाने. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या पहिल्या फळीत होते. आपल्या शाळेतील मुलांना खुष्कीने पश्चिम किनाऱ्यापर्यंत आलेले शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क पाठ आहेत, खानखोजे मात्र माहीत नाहीत. म्हणून ॲस्टोरियाच्या युनियनटाउन भागातील सुओमी हॉल या फिनिश लोकांच्या सभागृहापाशी बस पंधरा मिनिटे तरी थांबवावी, अशी विनंती आहे.

प्रेषक: नाना, हिल्सबरो

ताई, वाक्य दुरुस्त करतो. चूक माझी आहे. मात्र पत्रक गेली सहा वर्षे मी लिहितो, तेव्हा दुरुस्त्या सर्वांच्या ईमेल यादीवर न टाकता मला कळवाव्यात. आता आपली दुरुस्ती: सुओमी हॉल निराळा, तो आजही उभा आहे. समाजवाद्यांचे सभागृह आज उरलेले नाही, आणि हॅमंडची गिरणी १९२२ मध्ये जळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गावाचा मध्यभागही जळाला, कारण तिथले रस्तेच लाकडी खुंटांवर उभे होते आणि आग त्यांच्या खालून पसरत गेली. सुओमी हॉलपाशी थांबून ‘इथे सभा झाली’ असे मुलांना सांगितले, तर पुढची वीस वर्षे ती तेच सांगतील. थांबायचेच असेल तर कोलंबियावरच्या मोठ्या पुलाखाली, नदीकाठी थांबावे.

वहिनींच्या वर्तमानाविषयी एवढेच, की लाकूड अजून इतिहासजमा झालेले नाही. तोड झाल्यावर मालकांनी कर थकवल्यामुळे काउंटीच्या ताब्यात आलेली रानेच्या राने काउंटीने राज्याकडे सोपवली, त्यांचेच क्लॅटसप राज्य वन झाले; तिथल्या लाकूडविक्रीचा जवळजवळ दोन तृतीयांश पैसा आजही काउंटीकडे आणि तिथल्या शाळांसारख्या संस्थांकडे येतो. वृक्षतोडीवर मर्यादा आली की तिथे पहिली काळजी अंदाजपत्रकाची असते.

प्रेषक: सचिव

ओहोटीची वेळ बदलता येत नसल्याने बस आधी कॅनन बीचलाच जाईल. नानांच्या आग्रहास्तव ॲस्टोरियाहून चार वाजताच निघू; वॉना येईपर्यंत ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती राहील, म्हणजे कोणाला झोप लागणार नाही. ताईंचा थांबा पुलाखाली, पंधरा मिनिटांचा. पावसाळी कोट प्रत्येकाने आणावा, कारण लुईस आणि क्लार्क यांनी ॲस्टोरियाजवळच्या फोर्ट क्लॅटसप या आपल्या हिवाळी तळावर काढलेल्या १०६ दिवसांपैकी केवळ १२ दिवस कोरडे गेले होते, आणि जूनवरही माझा फारसा विश्वास नाही. ज्यांनी मुलांची संख्या कळवलेली नाही, त्यांनी ती बुधवारी रात्रीपर्यंत वहिनींना कळवावी, मला नव्हे.